सिद्धूच्या गाडीचा ताप

गॅरेजमध्ये दोन गोष्टी साठतात, जुने पार्ट आणि किस्से. पार्ट निदान भंगारवाला नेतो, किस्से कोण नेणार? नळदुर्गला हायवेला लागून बशीरभाईंचं गॅरेज आहे, मी तिथं वायरिंगची कामं करतो. आमच्याकडचे निम्मे किस्से एकट्या सिद्धूचे. पठ्ठ्यानं साध्या डिझेल गाडीला इंजिनाचा जोर वाढवायला मोठा टर्बो बसवला, ट्यूनिंग करून आणलं. गाडी जशी पळायची तशीच तापायची! त्याच सुमारास त्याच्या वडिलांच्या, अप्पांच्या किडन्या गेल्या. एक दिवसाआड डायलिसिसला सोलापूर. न्यायला हीच गाडी.

* * *

टर्बोची धग बॉनेटखाली पसरू नये म्हणून त्याला जाड आवरण घालतात. ते मागवलेलं येईपर्यंत सिद्धूनं डोकं चालवलं. माठाला गुंडाळतात तसं ओलं गोणपाट टर्बोला गुंडाळलं! एक चक्कर मारून आला तर बॉनेटमधून आधी वाफ, मग धूर, मग जाळ. आम्ही माती टाकून विझवलं.

अप्पा बाकड्यावर बसून बघत होते. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. शांतपणे म्हणाले, "अरं, गोणपाटानं माठ गार व्हतो. चूल न्हाय!"

* * *

"गाडी तापली की थांबायचं आणि बॉनेट उघडायचं," असं बशीरभाईंनी त्याला बजावलं होतं. पण थांबेल तो सिद्धू कसला! वारा आत जावा म्हणून बॉनेट अर्धवट लॉकवर ठेवून त्यानं हायवेला गाडी हाणली. शेजारून कंटेनर गेला आणि बॉनेट उडून थेट काचेवर. गाडी दुभाजकावर, सिद्धूच्या कपाळाला टाके. नशीब, अप्पा त्या दिवशी सोबत नव्हते.

बशीरभाई बघायला गेले आणि कपाळाची पट्टी बघून म्हणाले, "मियाँ, बॉनेट खोलने कू बोल्या था. सर खोलने कू नहीं!"

* * *

काच आणि बॉनेट आम्ही रातोरात बदलून दिलं. मग त्यानं एसी काढला. एसीची पुढची जाळी इंजिनाकडं जाणारी हवा अडवते, म्हणून तीच उपटून टाकली. गाडी जरा निवली, आतली माणसं शिजायला लागली. मी चिडलो. म्हटलं, "अरे, आजारी माणूस बसतो आत. गाडी पहिल्यासारखी करून घे की!"

"इंजिन उतरवायला लागतंय. गाडी आठ दिवस उभी. तवर अप्पाला कशात न्यू? दुसऱ्याच्या गाडीत ते पाय ठिवत न्हाईत."

"व्हय," अप्पा म्हणाले. "आन आमच्या ट्रकात कुठं एसी व्हता?"

बापलेक दोघंही सारखेच हट्टी. कुणाला काय सांगणार?

* * *

इंजिन फारच तापलं तर गाडीचा हीटर फुल लावतात. इंजिनाची धग माणसांकडं येते आणि तापमानाचा काटा उतरतो. एकदा चढाला काटा लाल झाला आणि सिद्धूनं हीटर लावला. मे महिन्यात, अप्पा शेजारी असताना!

हॉस्पिटलात सिस्टरनं अंगाला हात लावला. "आजोबा, ताप आहे तुम्हाला."

"माझा न्हाय बाई, गाडीचा हाय!"

सिद्धूनं हे सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. घरी गेल्यावर मात्र मला जेवण गेलं नाही.

* * *

मेअखेरीस अप्पा सोलापुरातच गेले. हॉस्पिटलची गाडी सिद्धूनं नको म्हटली. अप्पांना आपल्याच गाडीत मागच्या सीटवर निजवलं आणि एकटाच निघाला. भर दुपारी बशीरभाईंना त्याचा फोन आला, "काटा लाल झालाय. थांबलोय."

घरी माणसं जमलेली, सगळे खोळंबलेले. पाण्याचे कॅन घेऊन आम्ही पिकअपनं निघालो. पोचायला बराच वेळ लागला. गाडी लिंबाखाली उभी होती, बॉनेट उघडं. सिद्धू मागं बसला होता. अप्पांचं डोकं मांडीवर घेऊन पुठ्ठ्यानं वारा घालत होता.

बशीरभाईंनी इंजिनाला हात लावून बघितला. मग दाराशी येऊन हळूच म्हणाले, "बेटा, इंजन तो कबका थंडा हो गया. चल, घर कू जाना."

सिद्धूचा हात थांबला नाही.

"थांबा की जरा," तो म्हणाला. "अप्पाला लई गरम झालंय."