घरगुती वापराची जीप

"सून शांत हाय, पर वळखपाळख ठिवत न्हाय बया. माज्या सख्ख्या भावाकडं नुसती बघत बसली. पाया पडाय नगं?"

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढं बसून नणंदेला सांगत होत्या. मी दाराआड, काखेत कळशी. आता काय म्हणावं? लग्नात सगळेच पटके बांधून आलेले. त्यातला मामेसासऱ्यांचा कुठला, हे नव्या नवरीनं कसं ध्यानात ठेवायचं? पण मनाला लागलं हो! ठरवून टाकलं, यापुढं समोर येईल त्याच्या पाया पडायचं. आणि तिथंच माझं घोडं पेंड खायला लागलं!

त्याच आठवड्यात आम्ही जीप घेतली. जुनी. माझ्या माहेरी, इंदापुरात मिळाली. मालक म्हणाला, "पावणं, घरगुती वापराची हाय." मागं समोरासमोर दोन लांब बाकं. मला वाटलं, कुटुंब मोठं असेल!

येताना बारामतीत स्टँडबाहेर हे म्हणाले, "बस तू. नारळ आन् हार घिऊन येतो."

हे गेले आणि मागचं दार उघडलं. एक पटकेवाले आजोबा चढले. पाठोपाठ दोन बायका, एक करडू.

"आली व्हय गाडी! लई दिसांनी दिसली," आजोबा म्हणाले.

इतक्या हक्कानं कोण चढेल? घरचंच माणूस! मी टुणकन उतरले, मागं जाऊन पाया पडले. आजोबा गडबडले. "आसू दे बाय, आसू दे." माणसं चढत गेली, मी वाकत गेले. देवाला आणलेला पेढ्यांचा पुडाही फिरवला. पाया पडायचं राहिलं ते फक्त करडाच्या!

हे परतले. बघतात तर गाडी खच्चून भरलेली. यांनी गाडीला हार घातला, नारळ फोडला आणि गाडी सुरू केली. नंतर कळलं, यांना वाटलं माझ्या माहेरची माणसं घर बघायला निघालीत. नवा जावई, विचारणार कसा? आणि हे काही विचारत नाहीत, म्हणजे अगदी जवळचे असणार, असं मला वाटलं!

"दाटी हुतीया का?" यांनी अदबीनं विचारलं.

"छ्या! रोजच्यापरीस मोकळं हाय!"

रोजच्यापरीस? तरी माझ्या डोक्यात उजेड पडेना!

कऱ्हाटीत आमचं घर रस्त्याकडेलाच. आत्याबाई ओवाळायला ताट घेऊन उभ्या. एवढे व्याही बघून त्यांनी पदर सावरला आणि नणंदेच्या कानात म्हणाल्या, "पळ, भाकरी वाढीव थाप!"

आजोबा उतरले. यांच्या हातात नोट ठेवली. जावयाचा मान! हे लगेच वाकले.

"आरं, पाया काय पडतूस? सुट्टं दे की! आन् मोरगावचं शीट हितं कुणाच्या दारात उतरवलंस?"

"शीट?" यांनी हातातली नोट उलटसुलट करून बघितली.

"मग? वडापची गाडी ही. सवारी भरायची आन् निघायचं. वरसं झाली, ह्याच बाकावर बसतुया आमी!"

यांनी माझ्याकडं बघितलं. मी यांच्याकडं. नणंद पिठाच्या हातांनी दारात आली. आत्याबाईंच्या हातातलं ताट हळूहळू खाली आलं.

"मग ही मानसं कुनाची गं?"

त्या घरात तोवर मी मोठ्यानं एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"आत्याबाई, मी सगळ्यांच्याच पाया पडलेय. ह्यातली आपली कोण, तेवढी तुम्हीच निवडून घ्या!"