सोवळ्यात शिरलेली चिंगी

देवावर आणि शास्त्रावर माझी श्रद्धा आहे. परंतु संकेत, साक्षात्कार, प्राण्यांना आधी कळणारे अरिष्ट, या गोष्टी मी आयुष्यभर हसून सोडून दिल्या. पाठशाळेत संस्कृत शिकवताना विद्यार्थ्यांनाही हेच सांगत आलो... म्हणून हे लिहिताना संकोच वाटतो.

नाशिकरोडला आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. मुलगा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला. नात ईरा आठ वर्षांची. तिला अपस्माराचे झटके येतात. चिंगी ही गल्लीतली कुत्री. ती फाटकाबाहेर बसे. जिना तिने कधीच चढला नव्हता.

गेल्या पितृपक्षातील अविधवा नवमी, म्हणजे माझ्या पत्नीचे श्राद्ध. मुलगा ड्यूटीवर, म्हणून मीच सोवळे नेसून बसलो होतो. दुपारचे बारा वाजत आले होते. पिंडांसाठी भात कालवतो आहे, तोच जिन्यावर नखांचा आवाज झाला. चिंगी उघड्या दारातून आत शिरली, थेट न्हाणीघरापाशी गेली आणि बंद दारावर पंजे मारू लागली.

"मेधा, हाकल तिला! श्राद्ध विटाळेल!"

"आबा, कढईत वडे आहेत, जळतील!" सून स्वयंपाकघरातून ओरडली.

न्हाणीघरातून ईराचा खणखणीत आवाज — "मी केस धुतेय! घाई असेल त्याने शेजाऱ्यांकडे जावं!"

मी काठी उगारली. चिंगी जिन्यापर्यंत मागे सरली... आणि परत आली. या वेळी तिने माझ्या रेशमी मुकट्याचा सोगा दातांत धरून ओढला. सोवळे मोडले! आता पुन्हा स्नान करणे भाग होते. केवळ त्यासाठीच — हे लपवत नाही — मी दार ठोठावले.

"ईरा, बाहेर ये. मला आंघोळ करायची आहे."

"सकाळीच केलीत ना? माझ्या केसांना साबण आहे!"

"टॉवेल गुंडाळ आणि ये म्हणतो ना!"

कडी काढून ती कुरकुरत बाहेर आली. चार पावले चालली असेल... आणि डोळे थिजले. ती कोसळली, तेव्हा चिंगी आधीच तिच्यापुढे आडवी झाली होती. ईराचे डोके फरशीवर न आपटता चिंगीच्या पोटावर पडले. मेधा धावली, तिने ईराला कुशीवर वळवले. मी न्हाणीघरात पाहिले — नळ सुरू, बादली काठोकाठ भरलेली. दाराला आतून कडी असताना हे घडले असते तर... पुढचा विचार मला आजही करवत नाही.

डॉक्टर म्हणाले, झटक्याआधी शरीराचा वास बदलत असावा, काही कुत्र्यांना तो येतो. मान्य. परंतु चिंगी रस्त्यावर, ईरा दोन मजले वर, बंद दाराआड, साबणाने माखलेली! मेधा म्हणते, सासूबाईंनीच पाठवली. मी ग्रंथ धुंडाळले. हो म्हणण्याचे धैर्य नाही, नाही म्हणण्याचेही नाही.

त्या दिवशी मी पुन्हा स्नान केले नाही. ईराचे डोके मांडीवर होते, पिंड तसेच राहिले, तिथी टळली. ते श्राद्ध अपुरे राहिले की माझ्या पत्नीला पोचले, मला अद्याप ठाऊक नाही.