सीपीयूची गवसणी

गल्लीत त्यांना सगळे गवसणीबाई म्हणतात, आणि त्यांना ते नाव आवडतं. गिटार, मिक्सर, स्कूटर, सुटकेस, काहीही आणून द्या. त्या टेप लावतात, वस्तू उलटीपालटी करून बघतात आणि दोन-तीन दिवसांत अंगाबरोबर बसणारी गवसणी हातात ठेवतात. त्यांच्या घरात तर कशालाच उघडं राहायची मुभा नाही. रिमोटला गवसणी, टोस्टरला गवसणी, टॉर्चलाही.

"या घरात मीच तेवढा उघडा फिरतो," असं त्यांचा मुलगा म्हणतो.

"तू मापाला उभा राहत नाहीस," हे त्यांचं उत्तर.

मुलगा लिफ्ट बसवण्याच्या कामावर आहे. सकाळी जातो तो संध्याकाळीच येतो. सून घरून काम करते: कंपन्यांच्या बैठकांची रेकॉर्डिंग सकाळी येतात, ती ऐकून दिवसभरात टाइप करून पाठवायची. सासू-सुनेचं काम एकाच खोलीत चालतं. खिडकीखाली शिलाई मशीन, हातभर अंतरावर कॉम्प्युटरचं टेबल, टेबलाखाली सीपीयू.

कॉम्प्युटर पहिल्यांदा चालता चालता बंद पडला, तेव्हा दुरुस्तीवाल्याने सीपीयूचा बाजूचा पत्रा काढला. आतल्या पंख्यावर निळसर तंतूंचा जाड थर बसला होता.

"आत गादी भरलीय का?" त्याने विचारलं. मग शिलाई मशीनकडे नजर गेली. "बाई, हा सगळा तुमच्या कापडाचा भुसा. पंखा ओढून घेतो."

गवसणीबाईंनी रंग ओळखला होता. त्याच आठवड्यात त्यांनी निळ्या कापडाच्या गवसण्या शिवल्या होत्या. "असू दे हो आई, चालायचंच," असं सून म्हणाली, पण ते त्यांच्या मनाला लागलं. आपल्यामुळे सुनेचा कामाचा दिवस बुडाला, याची भरपाई करायची त्यांना एकच रीत माहीत होती. दुरुस्तीवाला गेला आणि त्या टेप घेऊन टेबलाखाली शिरल्या.

ती गवसणी त्यांच्या हातची सर्वांत नेटकी होती. मशीन चालू असतानाही काढावी लागू नये अशी. पुढे बटणापाशी झडप, मागे प्रत्येक वायरीला काजासारखं शिवून घेतलेलं भोक. मागच्या बाजूला एक मोठी जाळीही होती. "तिथून एकही वायर निघत नव्हती," त्या सांगतात. "मग भोक कशाला ठेवायचं?" उलट भुसा शिरायची वाट तीच असणार, म्हणून त्या जागी त्यांनी आतून स्पंजाचा जादा थर घातला.

त्यानंतर कॉम्प्युटर रोज बंद पडू लागला. दुपार झाली की पंखा घोंघावायचा, घोंघावत राहायचा आणि पडदा काळा व्हायचा. टाइप केलेलं शेवटचं पान जायचं.

सुट्टीच्या दिवशी मुलगा दुरुस्तीला बसला. त्याने गवसणी उतरवून बाजूला ठेवली. या घरात कुठल्याही वस्तूला हात लावताना आधी ते करायचं असतं, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. पंखा बदलला, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली, दिवसभर मशीन चालवून पाहिलं. ठणठणीत. संध्याकाळी आईने गवसणी परत चढवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडदा काळा.

"माझ्यासमोर बरं नीट चालतं," तो बायकोला म्हणाला. "शंभर टॅब उघडून बसत असशील."

"मी काय त्याच्यावर स्वयंपाक करते?"

पण तिने टॅब कमी केले, कामाच्या मधल्या वेळेत लावायची ती गाणीही बंद केली. तेवढ्यात ऑफिसमधून निरोप आला: आता एकदा जरी उशीर झाला, तर काम दुसऱ्या कुणाला देऊ.

शिवता शिवता एकदा गवसणीबाईंच्या हातून बॉबिन निसटली आणि टेबलाखाली गेली. ती काढायला त्या वाकल्या आणि आधारासाठी हात सीपीयूच्या मागच्या बाजूला टेकला. कापड नुकतीच इस्त्री फिरवल्यासारखं लागलं. त्यांनी गवसणी ओढून काढली. जाळीतून गरम वारा भसकन तोंडावर आला. थोड्या वेळाने पंख्याचा आवाज खाली आला. सुनेच्या कानावर हेडफोन होते. तिला काहीच कळलं नाही. गवसणीबाईंनी गवसणीची घडी घातली आणि ती कापडांच्या ढिगात तळाशी सरकवली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी कॉम्प्युटरचं बटणही त्याच दाबू लागल्या, म्हणजे सुनेला टेबलाखाली वाकावं लागू नये.

"सांगणारच होते," त्या म्हणतात. "आधी म्हटलं, खात्री होऊ दे. खात्री झाली, मग तोंड उघडेना."

कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला नाही. "बघ, टॅब कमी केलेस आणि सुधारलं," असं मुलगा जेवताना म्हणाला. "हो, माझंच चुकत होतं," असं सून म्हणाली. गवसणीबाईंनी तिच्या पानात आणखी भात वाढला.

पण आधीच्या उशिरांचा जाब ऑफिसने मागितलाच. सून सकाळी फोन घेऊन बसली. "माझ्याच हलगर्जीपणामुळे झालं, असं सांगून टाकते. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवते."

"अगं, थांब. फोन लावू नकोस." गवसणीबाईंनी ढिगातून गवसणी काढून तिच्या मांडीवर ठेवली. "मागून स्पंज आहे, हात लावून बघ. बरोबर जाळीवर बसायचा. गुदमरत होतं ते. तुझं काही चुकत नव्हतं."

सुनेने स्पंज बोटांनी दाबून पाहिला. "काढलीत कधी?"

"झाला आठवडा."

"आणि जेवताना मी चूक कबूल करत होते, तेव्हा?"

"तुला वाढत होते."

सुनेने फोन लावला. "मशीन तापत होतं. कारण सापडलं, काढून टाकलं," एवढंच तिने ऑफिसला सांगितलं.

"माझं नाव घ्यायचंस," गवसणीबाई म्हणाल्या.

"काय सांगू? सासूबाईंनी मशीनला स्वेटर घातला होता म्हणून?"

हसलं कुणीच नाही. ऑफिसने निम्मं काम तिच्याकडे ठेवलं. उरलेलं निम्मं दुसरीकडे गेलं ते अजून परत आलेलं नाही. मुलाने गवसणी बराच वेळ उलटसुलट करून पाहिली. त्याने बायकोची माफी मागितली का, हे दोघीही सांगत नाहीत.

गवसणीबाईंनी आता शिलाई मशीन आतल्या बोळात नेलं आहे, म्हणजे भुसा कॉम्प्युटरपर्यंत जायला नको. बोळात उजेड नाही. सुईत दोरा ओवायला दिवसाही दिवा लागतो. "डोळे फोडून घेणार आहात का?" असं म्हणत सून ते ओढून पुन्हा खिडकीखाली आणते. ती चहा करायला उठली की गवसणीबाई ते परत बोळात ढकलतात. मशीनच्या पायांनी फरशीवर लांबलचक ओरखडे पडले आहेत. पायांना गवसण्या शिव, असं मुलगा सुचवतो. त्यांनी अजून शिवलेल्या नाहीत.