विकलं नाही तोवर

ऑफिसात त्यांना सगळे रेटवाले काका म्हणायचे. ऑफिस एका म्युच्युअल फंडाचं, आणि फंडानं परदेशातले शेअर घेतलेले. रोज दुपारी चारला काका परकीय चलनाचा रेट उतरवून घेणार आणि दोन रकाने भरणार. शेअरच्या भावानं काय मिळालं ते एकात, चलनानं काय दिलं किंवा खाल्लं ते दुसऱ्यात. शेअर विकला नसेल तर तो आकडा संध्याकाळी हिशेबात चढवायचा, सकाळी उलटी नोंद करून पुसायचा, संध्याकाळी नव्यानं चढवायचा. एकवीस वर्षं हेच. दुसरा वेडा झाला असता. काका मात्र त्यातून तत्त्वज्ञानच काढून बसले: सकाळी जो पुसता येतो तो तोटा कसला?

बरं, हे शहाणपण ऑफिसातच पाजळायचं ना! पण थोरल्या बहिणीनं, ताईनं, निवृत्तीचे पैसे भावाच्या भरवशावर त्याच फंडात टाकलेले. तिच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करा, गेलेली नजर परत येत नाही. ताई पैसे काढायला निघाली, आणि नेमकं तेव्हाच तिकडचं चलन घसरत होतं. शेअरचा भाव चांगला आहे, खातंय ते फक्त चलन, चार महिने दम धर, असं काकांनी समजावलं.

"विकलं नाही तोवर तोटा कागदावरच असतो, ताई."

चाराचे आठ झाले, आठाचे चौदा. ताई थेंबांवर भागवत राहिली. दर आठवड्याला फोन करून विचारायची, काका म्हणायचे, अजून थोडं. 'काढ' म्हणायला जीभ उचलेना. एकदा काढलं की तो आकडा पुसता येणार नव्हता, आणि सल्ला त्यांचा होता. भित्रा माणूस, दुसरं काय!

शेवटी ताईनं न विचारताच पैसे काढले आणि शेजारणीला घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तपासून ऑपरेशनला नकार दिला. आता उपयोग नाही म्हणाले.

काका धावत तिच्याकडे गेले. वाटेत ठरवलेलं सगळं दारातच विसरले, माफ कर एवढंच कसंबसं निघालं. खुर्चीतल्या ताईनं आवाजाच्या दिशेनं एक पाकीट पुढे केलं.

"फंडाचं पत्र आलंय. किती आले ते वाच, मला दिसत नाही."

चौदा महिने काकांनी किती गेले तेच पाहिलं होतं. किती उरलेत ते आज पाहिलं. त्यांनी रक्कम वाचली.

"एवढ्यात ऑपरेशन दोनदा झालं असतं रे," ती म्हणाली.