शेवटचा 'नी'

सारंगकाका 'नाही' म्हणायचे तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं वर करायचे. आधी एक, मग वाक्य संपताना दुसरं. चहा नको असला तरी तेच. "आफ्रिकान्समध्ये 'नी' दोनदा लागतो, बाय. एक मध्ये, एक टोकाला. टोकाचा लावला नाय तर वाक्य उघडंच ऱ्हातं, समोरचा माणूस वाट बघत बसतो."

"काका, एकदा नको म्हटलंत तरी कळतं हो मला. बहिरी नाही मी!"

अठ्ठ्याण्णव साली मी माळनाक्याजवळ एसटीडी-आयएसडी-पीसीओ टाकला. पिवळी पाटी, काचेची केबिन आणि बाहेर एक बाकडं. अशा बूथवर बसलेल्या बाईला लोकांचं काय काय ऐकावं लागतं ते तुम्हाला ठाऊक असेलच. मी तोंडाची फटकळ, पण या कानातलं त्या कानात कधी केलं नाही. काका मागच्या आळीत राहायचे. मूळचे पूर्णगडचे. जहाजावर खलाशांचे मुकादम, म्हणजे सारंग, म्हणून निवृत्त झालेले. सगळं आयुष्य एका पोलंडच्या इंजिनीअरबरोबर आणि एका केपटाऊनच्या मेटबरोबर, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्याबरोबर, गेलेलं. दोघांशी त्यांच्याच भाषेत भांडता यावं म्हणून दोन्ही भाषा शिकले, असं ते म्हणायचे.

रोज संध्याकाळी बाकड्यावर शाळा भरायची. केपवाल्याची आफ्रिकान्स सरळ. मी, तू, तो, सगळ्यांना क्रियापद एकच. पोलची, म्हणजे पोलंडवाल्याची, भाषा मात्र आपल्यासारखी वाकडी. तो गेला वेगळं, ती गेली वेगळं. नावालासुद्धा विभक्ती. "माझंच नाव बघ, सारंगा, सारंगोवी, सारंग्येम! सात विभक्त्या मेल्यांच्या."

"आपल्या तर आठ."

"मग एक पडली असेल पाण्यात," म्हणून ते खो खो हसायचे. पुढे हा विनोद त्यांनी कधी केला नाही.

एकुलता एक मुलगा त्यांनी त्याच जहाजावर लावला. पोल आणि केपवाला अजून तिथेच होते, काकांनीच शब्द टाकला होता. काकीचं मन नव्हतं. "माझी माणसं आहेत तिथे," काका म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला.

दोन वर्षांनी कंपनीचा कागद आला. मुलगा जहाजावर सापडत नाही. एवढंच. पडला म्हणून नाही, गेला म्हणून नाही.

पोल आणि केपवाला सुट्टीवर आपापल्या घरी पोचल्याचं कळल्यावर काका बूथवर आले, काकीला घेऊन. पहिला फोन केपटाऊनला. काकी बाकड्यावरून काचेतून बघत होती. काका बराच वेळ नुसते ऐकत राहिले. मग पलीकडचं वाक्य त्यांनी हळू आवाजात परत म्हटलं, "हेइ कोम नी त्रुख नी." त्यांची दोन बोटं वर आली. आपण बोटं वर केलीत हे त्यांना कळलंही नसावं. मला भाषा येत नव्हती, पण टोकाचा 'नी' मी ऐकला.

"काय म्हणाला?" काकीने विचारलं.

"लाइन खराब आहे."

लाइन चांगली होती.

दुसरा फोन पोलंडला. काकांनी काही विचारलं, तेवढ्यात काकीने केबिनमध्ये घुसून रिसीव्हर ओढून कानाला लावला. तो पलीकडून म्हणत होता, "न्ये मा गो. न्ये मा गो." काकीचा चेहरा उजळला हो! आमच्याकडे घरच्या बाईला मायेने 'गो' म्हणतात. "मला 'गो' म्हणाला! घरचं माणूस दिसतंय. हा खोटं नाय सांगायचा."

"तो तिथे नाही, म्हणतोय," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना धरलंच. "काका, खरं काय ते बोला."

"केपवाला म्हणाला, तो परत यायचा नाही. आणि पोलचं 'न्ये मा गो' म्हणजे, तो नाही. बाजारात गेलेला असला तरी असंच म्हणतात, आणि जगात नसला तरीही म्हणता येतं. आपल्या 'नाही'सारखंच." मग म्हणाले, "मीच चढवला गो त्याला जहाजावर. आता तिला काय सांगू? तू सांगतेस?"

मी केबिनची काच पुसायला घेतली.

पोल पुन्हा जहाजावर गेलाच नाही. त्यानंतर दर रविवारी पाचच्या सुमाराला तो स्वतःच बूथवर फोन करायचा. काकी धुवट लुगडं नेसून यायची, रिसीव्हर आधी तिच्या हातात. "माझा बाबू मिळाला काय हो?" तो म्हणायचा, "न्ये मा, न्ये मा." ती फोन काकांकडे देऊन मला सांगायची, "नाय म्हणतो अजून." तो 'अजून' तिचा स्वतःचा. अशी चार वर्षं गेली. काका वाळत गेले. बाकड्यावरची शाळा कधीच बंद पडली होती.

एका गुरुवारी झोपेतच काका गेले.

त्या रविवारी पाच वाजता फोन वाजला. काकी सुतकात, घरी. "सारंग?" पलीकडून आवाज आला. मला त्याच्या भाषेतलं एकच वाक्य येत होतं. मी म्हटलं, "न्ये मा गो." तो मजेत काहीतरी बोलला आणि फोन ठेवला. काका बाजारात गेलेत असं समजला बिचारा! पुढच्या रविवारी फोन वाजत राहिला, मी उचललाच नाही. लाज वाटते सांगायला, पण नाही उचलला.

तिसऱ्या रविवारी काकी आली. कपाळ मोकळं. बाकड्यावर बसली. फोन वाजला. तिने हात पुढे केला नाही, म्हणून मीच उचलला.

"सारंग?"

"न्ये मा गो," मी म्हटलं. आणि मग धीर करून टोकाला केपवाल्याचा शब्द लावला. "नी."

केपवाल्याबरोबर जन्म काढलेला माणूस तो. टोकाचा 'नी' त्याला कळला. मग तो रडायला लागला. मी वळून बघितलं तर काकी माझ्या हाताकडे बघत होती. माझी दोन बोटं वर होती.

"त्या पहिल्या फोनालाही यांनी दोनच बोटं वर केली होती, बाय," ती म्हणाली. "मी बघितलं होतं."

"मग काकी, दर रविवारी कशाला येत होतात?"

"त्यांना वाटत होतं ना, मला ठाऊक नाय म्हणून."