पडका मठ आणि तांब्याभर पाणी
सांगलीच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या विनोदिनीबाई जतजवळचा पडका मठ जलरंगांत रंगवायला बसल्या, तेव्हा पाण्याची बाटली घरीच राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं. तिथं मेंढरं राखणाऱ्या सुलाबाईंनी मागताच तांब्या भरून दिला.

"टँकर कधी येतो इथं?"

"आता सोमवारी. तुमी रंगवा की, बाई."

विनोदिनीबाईंचा हात आखडला. आयुष्यभर त्यांनी ब्रशचं पाणी खिडकीतून भिरकावलं होतं. आज ब्रश जेमतेम ओला केला. रंग कोरडे, खरखरीत उमटले आणि भिंती खरोखर दगडाच्या वाटू लागल्या.

विनोदिनीबाई चित्र संपवून उठल्या, तेव्हा उरलेलं गढूळ पाणी सुलाबाईंनी मठाच्या दारातल्या कडुलिंबाच्या रोपाला घातलं.

"जगलं तर मेंढरास्नी सावली व्हईल."

विनोदिनीबाईंनी ते रोप चित्रात घेतलंच नव्हतं. ब्रश अजून ओला होता. त्या पुन्हा खाली बसल्या.