हरणांचा गोग्रास

हरणं फार सुंदर दिसतात, असं ज्यांच्या बागेत ती येत नाहीत त्यांनी खुशाल म्हणावं. दुबईच्या मरीना भागातल्या सव्विसाव्या मजल्यावरच्या खुराड्याला कंटाळून आम्ही शहराच्या पार कडेला, रस्ता संपून वाळू सुरू होते तिथे, घर घेतलं. मला माती हवी होती. मागच्या अंगणात मी मोगरा लावला, कढीलिंब लावला, मोठ्या कुंडीत तुळस लावली. पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी दार उघडून पाहते तर मोगऱ्याच्या नुसत्या काड्या आणि तुळशीचा बोडका बुंधा. कुंपणापलीकडे तीन हरणं शांतपणे रवंथ करत उभी होती. मी चप्पल फेकून मारली. ती चप्पल आणायला पुन्हा मलाच वाळूत जावं लागलं.

खरं तर ती इथलीच, आम्ही उपरे. पण आम्ही आलो ते पाणी घेऊन, हिरवळीचे गालिचे घेऊन. त्यांना खाणारं जनावर आसपास कुठलं उरलं नव्हतं. दोन-तीन वर्षांत तिनाची तीस झाली. नर हरणं काचेच्या दारात स्वतःलाच बघून शिंगं आपटायची. बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर अधूनमधून एखादं गाडीखाली यायचं आणि दुपारपर्यंत तिथेच फुगत पडायचं. त्यांना हात लावायला कायद्याने बंदी. मग आम्ही घरमालक जाळ्या लावायचो, कुंपणाला मिरचीचं पाणी मारायचो आणि एकमेकांना व्हॉट्सॲपवर खाल्लेल्या झाडांचे फोटो पाठवायचो. सगळ्यांत जास्त फोटो माझे असायचे. ही हरणं इथून न्यावीत, असा अर्ज सगळ्यांच्या सह्या घेऊन मीच पाठवला होता.

त्याच सुमारास सासऱ्यांचं वर्षश्राद्ध पुण्यात आटोपून सासूबाई कायमच्या आमच्याकडे आल्या. पंचावन्न वर्षांचा संसार केलेली बाई, आणि आता दिवसभर एसीच्या आवाजात एकटी. नवरा आणि मी ऑफिसला, लेक शाळेत. लेकीशी त्या मराठीत बोलायच्या, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघी आपापल्या खोलीत जायच्या. त्यांचं एकच काम ठरलेलं होतं. जेवणाआधी गोग्रास बाजूला काढायचा: एक पोळी, त्यावर भाताची मूद, वर तूप. पुण्यात कोपऱ्यावर एक बाई गाय आणि गवताच्या पेंढ्या घेऊन बसायची, तिच्या गाईला त्या रोज तो घास देऊन यायच्या. सासरे गेल्यापासून त्या गोग्रासाला वेगळाच अर्थ आला होता. तो घास ह्यांना पोचतो, असं त्या अगदी साधेपणाने म्हणायच्या.

दुबईत गाय कुठून आणायची? पहिले तीन दिवस गोग्रास ओट्यावर वाळत पडला. चौथ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या. मी नुकतीच ऑफिसातून आले होते, दोन तास ट्रॅफिकमध्ये काढून.

"आई, हे असं ठेवू नका हो. गायच पाहिजे असं काय आहे? ती बाहेर हरणं आहेत, त्यांना द्या. त्यांनाही खूर आहेत, शिंगं आहेत."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी टोमणा मारला होता. सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "रवंथ करतात ना गं ती? मग चालेल."

लेक जिन्यावरून ओरडली, "आजी, दॅट्स नॉट अ काऊ!" आजी तोवर ताटली घेऊन मागच्या दारी गेलीसुद्धा होती.

पहिल्या आठवड्यात कुणी आलं नाही. मग एक मादी यायला लागली. तिचा डावा कान फाटका होता. पहाटे, ऊन चढायच्या आत, ती कुंपणाच्या फटीतून आत यायची आणि सासूबाईंच्या हातातली पोळी ओढून घ्यायची. "ये गं बाई, ये," असा आवाज मला अंथरुणात ऐकू यायचा. सासूबाई पुन्हा चारीठाव जेवायला लागल्या. नवरा मला म्हणाला, "आईला जरा बरं वाटतंय, तू काही बोलू नकोस." मी नाही बोलले. माझ्या अर्जावर माझी सही आणि माझ्याच मागच्या दारी हरणांना पंगत, असा सगळा प्रकार होता. पण घर शांत होतं, आणि मला शांतता हवी होती, हे कबूल करते.

गल्लीत आणखी चार मराठी घरं होती आणि प्रत्येक घरात मुलाकडे नाहीतर लेकीकडे आलेली एकेक म्हातारी. संध्याकाळच्या फेरफटक्यात गोग्रासाची बातमी सगळ्यांना लागली. महिनाभरात पाचही घरांच्या मागच्या दारी ताटल्या निघायला लागल्या. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! वाळूतली होती नव्हती ती सगळी हरणं आमच्या गल्लीत मुक्कामाला आली. शेजारच्या लाहोरच्या बाईंचं काचेचं दार एका नराने फोडलं. त्या मला गेटपाशी भेटल्या तेव्हा आवाज न चढवता म्हणाल्या, "बाजी, अम्मीजी को समझाइए ना. मेरे बच्चे बाहर नहीं खेल सकते." मी म्हटलं, "बोलती हूँ, इन्शाल्ला." इथे इन्शाल्ला म्हटलं की ते काम होत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं.

मग पितृपक्ष आला. सासऱ्यांच्या तिथीला सासूबाईंनी पहाटे चारला उठून सगळा स्वयंपाक केला. भात, खीर, वडे, आमसुलाची चटणी. इंडियन सुपरमार्केटमधून केळीची पानं मी आणली होती. कावळा इथेही आहे, तो लगेच आला. फाटक्या कानाची हरिणी आली आणि तिने पान चाटूनपुसून साफ केलं. सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली. "पोचलं गं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मलाही वाटलं की पोचलं असावं.

पण तिथी काही आमच्या एकट्या घरची नव्हती. त्या पंधरवड्यात पाच घरांतल्या पाच म्हाताऱ्यांकडे आज नवरा, उद्या सासू, परवा दीर, असं चालू होतं. सर्वपित्री अमावास्येला तर पाचही घरी एकदमच. वाळूतली काटेरी झुडपं खाऊन वाढलेल्या त्या जनावरांना पंधरा दिवस भात, खीर आणि तूप मिळालं.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक्या कानाची आली ती आत न येता कुंपणापाशीच बसली. पोट डाव्या बाजूने टम्म फुगलेलं. ती दात खात होती. तो आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता. सासूबाई म्हणाल्या, "गाभण असेल. अशक्त झालीये बिचारी." आणि त्यांनी गुरगुट्या भात करून, तूप घालून तिच्या पुढ्यात ठेवला. तिने खाल्ला नाही, तेव्हा बोटाने तिच्या ओठांना लावला. मी हे सगळं बॅग खांद्याला अडकवून बघत होते. काहीतरी चुकतंय, हे मला कळत होतं. नऊची मीटिंग होती. मी गेले.

अकराला लाहोरच्या बाईंचा फोन आला. मी परतले तेव्हा गल्लीमागच्या वाळूत सहा हरणं मरून पडली होती आणि आमच्या कुंपणापाशी सातवी. सिक्युरिटीने बोलावलेला प्राण्यांचा डॉक्टर तिच्याजवळ उकिडवा बसला होता. केरळचा माणूस, मोडक्या हिंदीत बोलणारा. त्याने तिचं पोट तिथेच फाडलं. आंबट वास दारापर्यंत आला.

"चावल," तो म्हणाला. "पेट में चावल सड़ गया. इसी से मर गया सब. पेट में बच्चा भी था. कौन खिलाया?"

मी म्हटलं, "पता नहीं."

माझ्या मागे सासूबाई उभ्या आहेत, हे मला माहीत नव्हतं. त्यांना इंग्रजी येत नाही, पण एवढी हिंदी येते. त्या पुढे आल्या. पदर नीट केला आणि म्हणाल्या, "मैंने खिलाया. हमारे मिस्टर का श्राद्ध था."

डॉक्टरला श्राद्ध कळलं असावं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "अम्मा, इनका पेट अलग है," एवढंच म्हणाला आणि हातमोजे काढून गाडीकडे गेला.

त्या रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, "हे हरणांना द्यायचं आलं कुणाच्या डोक्यातून?"

मी आमटी वाढत होते. सासूबाईंनी मान वर केली नाही. "माझ्याच," त्या म्हणाल्या. आजवर आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि तरीही मी पुढचा डाव वाढला.

पुढच्या महिन्यात माझा अर्ज मंजूर झाला. जाळीच्या पेट्या आल्या, हरणं धरून दूर कुठेतरी राखीव जागेत नेली. सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर अंगठ्याचे इमोजी पाठवले. मोगरा वीतभर वर आला. सासूबाई मागच्या दारी येईनाशा झाल्या. पानातली पहिली पोळी बाजूला काढायचं त्यांनी सोडून दिलं. चहा मी हातात दिला तर घ्यायच्या, नाहीतर नाही. दिवसदिवस त्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट नॉर्मल सांगितले.

यंदा सासऱ्यांची तिथी आली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात आल्या नाहीत. मी रजा घेतली होती. मला जमेल तसं सगळं केलं, पान वाढलं आणि त्यांना बोलवायला गेले.

"आई, चला ना. निदान नमस्कार करा."

"तू कर," त्या म्हणाल्या. "माझ्या हातचं ह्यांना आता नको."

"असं काय म्हणता? तुम्हाला कुठे माहीत होतं?"

त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "ती मुकी जनावरं वर गेली असतील ना गं. ह्यांना भेटली असतील. ह्यांनी विचारलं असेल, बायांनो, कुणाच्या हातचं खाल्लंत?"

मी त्यांच्या पायाशी बसले. "आई, ते मी..." एवढं म्हणाले. त्यांनी पाय जवळ ओढून घेतले आणि डोळे मिटले.